रोज सकाळी शून्य

काटेमास्तरांच्या कमरेतले दोन मणके चार स्क्रूंनी जोडलेले होते. स्क्रू एकदम झकास बसलेत, असं सर्जनचं म्हणणं. एक्स-रे दिव्यासमोर धरून त्याने तीनदा सांगितलं. "काम चोख झालंय. दुखायचं काही कारणच नाही." मास्तरांनी मान डोलावली. काम चोख झालं तरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं, हे त्यांना काही नवीन नव्हतं. या वेळी गिऱ्हाईक ते स्वतः होते, एवढाच फरक.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. वजनकाटे दुरुस्त करणारे. दुकानांतले टेबलावरचे काटे, गोदामांतले जमिनीत बसवलेले मोठे काटे, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. काटा खोलायचा, साफ करायचा, बिघडलेलं बदलायचं आणि मग वीस-वीस किलोची लोखंडी वजनं एकेक करून चढवून बघायचं, की हा आता खरं बोलतो का. सव्वीस वर्षं ती वजनं चढवली आणि उतरवली. मग एका दुपारी सातवं वजन उचलताना मणक्यांमधली चकती सरकली, नस दाबली गेली आणि डाव्या पायात कमरेपासून घोट्यापर्यंत वीज खेळायला लागली.

ऑपरेशनने पायातली वीज गेली. पाठ मात्र दीड वर्ष झालं तरी तशीच. डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला होता, त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मास्तरांना आता बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नव्हतं. कुणी विचारलं की "बरंय" म्हणायचे आणि भिंतीचा आधार शोधायचे. दहा मिनिटं बसायचे, दहा मिनिटं उभे राहायचे. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही म्हणजे घरात बसवलेलं घड्याळ झालात. दर दहा मिनिटांनी हलता."

वर्कशॉप दोघांचं होतं. मास्तर आणि लंबू. लंबू दहा वर्षांनी लहान, साडेसहा फूट, दरवाज्यातून येताना सवयीने मान वाकवणारा, जिथे गरज नाही तिथेही. मोठी कामं सगळी लंबूवर आली होती. मास्तर उंच स्टुलाला अर्धवट टेकून टेबलावरचे छोटे काटे बघायचे. स्वयंपाकघरातले, पार्सल तोलायचे, बाळांचं वजन करायचे.

"मास्तर," एक दिवस लंबू म्हणाला, "मालधक्क्याचं काम आलंय. अकरा काटे, सगळे जमिनीतले. वर्षभराचं काम आहे. एकट्याच्याने होणार नाही."

"मग?"

"मग काय? तुम्ही असाल तर हो म्हणतो. चार महिने थांबतायत ते."

"आणि मी नसलो तर?"

लंबूने स्क्रूड्रायव्हर उगाच फडक्याने पुसला. "दुसरा बघावा लागेल. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

अकरा काटे. मास्तरांना आपल्याला काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. पण आतून काही हललं नाही. फक्त त्या संध्याकाळी त्यांनी सर्जनने दिलेली चिठ्ठी ड्रॉवरमधून काढली. हॉस्पिटलात दुखण्याचा वेगळा विभाग आहे, तिथे दाखवा, असं तिच्यावर पाच महिन्यांपूर्वीच लिहिलेलं होतं.

त्या विभागाच्या डॉक्टरबाई ठेंगण्या, चटपटीत, बोलताना पेनाचं टोपण काढ-घाल करणाऱ्या. त्यांनी आधी एक फॉर्म भरून घेतला. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?"

मास्तरांनी विचार केला. वजन सांगताना घाई करायची नाही. "सात," ते म्हणाले. डॉक्टरबाईंनी सात लिहिले.

"आता ऐका. तुमच्यासारखे माझ्याकडे चाळीस जण आहेत. ऑपरेशन झालंय, एक्स-रे छान आहे, पाठ दुखतेय. त्यांच्यासाठी तीन उपाय आहेत आणि तिन्हींचे पुढारी आपापसांत भांडतात. कुणी म्हणतं व्यायामच खरा. कुणी म्हणतं मणक्यात इंजेक्शन. कुणी म्हणतं वायर."

"वायर?"

"सुईने पाठीच्या कण्याजवळ बारीक वायर सोडतो. कमरेला छोटी बॅटरी. ती हलका करंट सोडत राहते आणि दुखण्याचा निरोप वर डोक्यापर्यंत पोचू देत नाही. आधी एक आठवडा नुसती चाचणी. आठवड्यात दुखणं निम्म्यावर आलं, तरच कायमची बसवायला मंजुरी मिळते. समिती असते, कागद बघते." टोपण बंद. "तुम्ही तिन्ही उपाय करायचे. सहा आठवडे व्यायाम, मग इंजेक्शन आणि सहा आठवडे, मग वायर. रोज दुपारी दोनला आणि रात्री जेवणाआधी वहीत आकडा लिहायचा. वही दर टप्प्याला बंद पाकिटात द्यायची. मी मधे उघडणार नाही. उघडली की माझं मन एका बाजूला झुकतं."

हे मास्तरांना पटलं. काटा तपासताना माल कुणाचा आहे हे तपासणाऱ्याला माहीत नसलेलं बरं असतं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या धंद्यातल्यासारखं बोललं होतं.

व्यायाम घेणारा पैलवान गडी, गालाला खळ्या. "काका, पाठ म्हणजे आळशी नोकर, त्याला कामाला लावायचं!" असं म्हणून तो मास्तरांना गादीवर उताणं झोपवायचा आणि कंबर उचलायला लावायचा. मास्तर निमूटपणे उचलायचे. घरी रोज दोनदा. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. ती सकाळी डबा भरता भरता मोजायची. "आठ. नऊ. अहो, नऊ झाले, दहावा कुठे गेला?"

"आलो."

"कुठून?"

पहिल्या दिवशी दुपारी दोनला त्यांनी वही उघडली आणि पेन हातात धरून बराच वेळ बसले. किती लिहायचं? त्यांच्या धंद्यात याचं उत्तर पाठ होतं. रोज सकाळी वर्कशॉप उघडलं की पहिलं काम, काट्यावर जे काही आधीपासून पडलेलं असेल त्याचा धडा करायचा. रिकामा डबा ठेवला की त्याचं वजन वजा करून काटा शून्यावर आणतात, तसं. ट्रे असेल, रात्रीत बसलेली धूळ असेल, गारठ्याने जरा सरकलेला काटा असेल. टेअरचं बटण दाबलं की शून्य. मग जे येईल ते खरं वजन. डब्याचं वजन मालात धरणारा माणूस एक तर अडाणी, नाहीतर चोर.

पाठीचे ते सात तर रोजचेच. उठल्या उठल्या असायचे, दात घासायच्या आधीपासून. तो डबाच झाला. आणि तो आकडा डॉक्टरबाईंच्या फॉर्मवर आधीच गेला होता. मग वहीत काय लिहायचं? वरचा माल. दुपारपर्यंत काम करून जे वाढलं ते. मास्तरांनी प्रामाणिकपणे तोलून बघितलं आणि लिहिलं : दोन.

रात्री जेवणाआधी परत दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी मनातल्या मनात शून्य, वहीत दुपारी एक, रात्री दोन. एकदा बस चुकली आणि चालावं लागलं, त्या दिवशी तीन. इतकी नीटनेटकी वही हॉस्पिटलात दुसऱ्या कुणाची नसेल.

सहा आठवड्यांनी व्यायाम संपला. पाकीट बंद. इंजेक्शन झालं. चार दिवस जरा सैल वाटलं, पाचव्या दिवशी सकाळी जुना भाडेकरू बाडबिस्तरा घेऊन परत हजर. वहीत दोन, दोन, एक, दोन. पाकीट बंद.

मग वायर.

पोटावर झोपवून, कंबर बधिर करून सुईने सोडली. कमरेला पट्टा, पट्ट्यात काडेपेटीएवढी बॅटरी. ती चालू केली तेव्हा पाठीत मुंग्यांसारखं काहीतरी पसरलं. "दुखण्याच्या जागेवर येतंय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "येतंय," मास्तर म्हणाले. "आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, हात वर ताणायचे नाहीत. वायर सरकेल."

दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळी उठले आणि पलंगाच्या कडेवर बसले. बसूनच राहिले. बायकोने दोनदा डोकावून बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग बसलात का?"

"बसवतंय," ते म्हणाले.

ती दारातच थांबली, हातात ओला चमचा. मग परत गेली. त्या आठवड्यात मास्तरांनी पूर्ण जेवण एका बैठकीत केलं. न्हाव्याकडे खुर्चीत बसून केस कापून घेतले, मधे एकदाही उभं न राहता. दीड वर्षं ते उभ्याउभ्याच कापून घेत होते आणि ठेंगणा न्हावी स्टुलावर चढून वैतागायचा. वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा लंबू त्यांच्याभोवती फिरून आला.

"मास्तर, चार्जिंगवर चालायला लागलात की! रात्री प्लगला लावतात का वहिनी?"

"बडबड कमी कर."

"नाही, म्हणजे वेळेवर चार्ज करा. मालधक्क्यावर मधेच बंद पडलात तर मी कुठे ढकलत बसू?" लंबू हसला, मग एकदम गंभीर झाला. "खरंच बरं वाटतंय ना? त्यांना हो सांगू?"

"कायमची बसू दे आधी."

आनंद झाला का? तसं सांगता येणार नाही. पंख्याचा रोजचा आवाज बंद पडावा आणि आपण मान वर करून बघावं, तसं काहीसं. सकाळी जाग आली की पाठीत सात नसायचे. तीन असायचे, कधी अडीच. मास्तरांना ते नीट कळत होतं. पण नियम तो नियम. सकाळी जे काय असेल त्याचा धडा, काटा शून्यावर, मग दिवसभराचा माल. दुपारी दोन, रात्री दोन. सव्वीस वर्षांत त्यांनी धडा न करता एकही वजन घेतलं नव्हतं. डबा बदललाय, हलका झालाय, हे वहीत कुठे लिहायचं असतं? त्याला रकानाच नव्हता.

आठव्या दिवशी वायर काढली. दुपारी चारपर्यंत सात परत आले. पाकीट बंद.

निकालाच्या दिवशी बायको अर्धी रजा टाकून बरोबर आली. डॉक्टरबाईंच्या खोलीत व्यायामवालाही होता, भिंतीला टेकून, दोन्ही खळ्या बाहेर. टेबलावर कागद. त्यावर तीन रंगांच्या तीन रेघा, तिन्ही एकीवर एक, सपाट.

"काका, जिंकलो आपण!" व्यायामवाला म्हणाला.

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मास्तर उभेच राहिले. "तुमची वही म्हणजे नमुना आहे. एकही दिवस चुकला नाही. आणि निकाल इतका स्वच्छ की मलाच आश्चर्य वाटलं. तुम्ही आलात तेव्हा सात होते. व्यायामाच्या पहिल्या आठवड्यातच दोन! आणि मग इंजेक्शनने दोनच, वायरनेही दोनच. म्हणजे जे काम केलं ते व्यायामानेच. पुढच्या दोन्हींनी काडीची भर घातली नाही. तेव्हा वायरची गरज नाही. समितीला मी तसं कळवते. व्यायाम चालू ठेवा."

मास्तरांनी ऐकलं. खिडकीच्या चौकटीला नवा रंग दिला होता आणि रंगाचा एक ओघळ काचेवर आलेला होता. कुणीतरी ब्लेडने काढायला हवा होता, ओला असताना काढला असता तर पटकन निघाला असता. "बरं," ते म्हणाले आणि दाराकडे वळले.

खरंच वळले. बायको नसती तर बाहेर पडून बससाठी रांगेत उभे राहिले असते.

"थांबा," बायको म्हणाली. "डॉक्टर, काहीतरी गडबड आहे. वायरच्या आठवड्यात हे अख्खं जेवण बसून जेवले. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. मी डोळ्यांनी बघितलंय."

"पण आकडा तेवढाच आहे, ताई. व्यायामाच्या वेळी दोन, वायरच्या वेळी दोन."

"मग आकडा खोटा आहे."

हे मात्र मास्तरांना लागलं. चोर म्हटल्यासारखं. ते परत फिरले. "खोटा नाही. मी रोज तोलून लिहिलाय. धडा करून."

"काय करून?" डॉक्टरबाईंचं टोपण हवेतच राहिलं.

मास्तरांनी सांगितलं. सावकाश, एखाद्या नव्या गिऱ्हाईकाला सांगावं तसं. सकाळी जे आधीपासून असतं ते वजा करायचं. काटा शून्यावर. मग वरचं तेवढं लिहायचं. डबा मालात धरायचा नाही.

व्यायामवाल्याच्या खळ्या एकेक करून मिटल्या.

"आणि व्यायामाच्या वेळी," डॉक्टरबाईंनी हळू विचारलं, "डबा किती होता?"

"सात."

"इंजेक्शनच्या?"

"सात. पहिले चार दिवस सहा."

"वायरच्या?"

"तीन. कधी अडीच."

"हे कुठे लिहिलंय?"

"धडा लिहीत नसतात. बटण दाबायचं असतं."

डॉक्टरबाईंनी तीन रेघांचा कागद उलटा घातला. "म्हणजे व्यायामाच्या काळात तुम्ही दुपारी नऊ होतात. आणि वायरवर पाच." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "चूक माझीही आहे. शून्य म्हणजे काय ते मी सांगितलं. पण तुम्ही कुठून मोजायला सुरुवात करता, हे विचारायचं मला सुचलं नाही."

"एक मिनिट," बायको म्हणाली. ती डॉक्टरबाईंकडे बघतच नव्हती. "मी रोज संध्याकाळी विचारते, आज किती दुखतंय. तुम्ही म्हणता थोडंसं."

"हो."

"ते पण?"

मास्तरांनी काचेवरच्या ओघळाकडे बघितलं.

"अहो, मी विचारतेय. ते पण वजा करूनच?"

"तुला रोज रोज डब्याचं वजन काय सांगायचं?" ते म्हणाले. "तेच तर असतं."

बायकोने पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "दीड वर्ष," ती म्हणाली. "मी शेजारणीला सांगते, आता थोडंसंच राहिलंय. आणि तुमच्याकडून दळण आणून घेते." व्यायामवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो कुणीच घेतला नाही.

मग कामाचं बोलणं झालं. आठवून सांगितलेला आकडा समिती धरत नाही, दुखणं निम्म्यावर आल्याचं रोजच्या वहीत दिसावं लागतं. ही वही तुलनेतून बाद. चाचणी परत करायला हरकत नाही, पण परत सुई, परत आठवडा आणि परत नंबर. डॉक्टरबाईंनी यादी बघितली. टोपण काढलं, घातलं. "आठ महिने. मधे कुणी गळालं तर आधी बोलवेन. खोटी आशा देत नाही."

"आठ," मास्तर म्हणाले.

"तोवर व्यायाम सोडू नका. दुखणं घालवत नसेल, पण पाय शाबूत ठेवेल. आणि नवी वही. या वेळी डब्यासकट लिहायचं. सगळंच्या सगळं."

लंबूला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं. एका दमात, स्टुलाला टेकून. लंबूने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं.

"मास्तर, म्हणजे पाठीचं पण टेअर मारलंत तुम्ही?" त्याला हसू आलं, ते त्याने आवरलं, परत आलं. "माफ करा. पण मी असतो तर मी पण तेच केलं असतं. शपथ."

"माहीत आहे."

"आता मालधक्क्याचं…"

"दुसरा बघ."

"आठ महिन्यांनी..."

"आठ महिन्यांनी वायर बसेल का, माहीत नाही. बसली तर वीस किलो उचलू देतील का, तेही माहीत नाही. दुसरा बघ. वजनं नीट चढवणारा बघ, आदळणारा नको."

लंबूने होकार दिला. त्या आठवड्यात एक गडी मिळाला, हातगाडीवर लोखंडी वजनं रचून दोघं निघाले. मास्तरांनी दारातून बघितलं. रचलेली बरोबर होती. मग आत येऊन त्यांनी बाळांचं वजन करायचा काटा खोलला, त्यात दुधाची पावडर गेली होती.

नवी वही टेबलावरच असते. पहिल्या दिवशी दुपारी दोनला त्यांनी नऊ लिहिले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. परक्या माणसाचं अक्षर असल्यासारखं वाटलं. रात्री नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबायला हात जावा तसं मन गेलं, त्यांनी ते मागे ओढलं. आठ. नऊ. नऊ.

बायको आता दुपारी दोनला शाळेतून फोन करते. "जेवलात का" नाही, काही नाही. "किती?"

"नऊ."

"बरं," म्हणते आणि ठेवते. दळण ती स्वतः आणते. त्यावरून एकदा वाद झाला, मास्तर हरले.

एका मंगळवारी ते म्हणाले, "एक."

पलीकडे मागे काचेच्या नळ्या धुतल्याचा आवाज येत होता.

"एक, की वजा करून एक?"

मास्तरांनी स्टुलावरून उतरून, सरळ उभं राहून, परत एकदा तोलून बघितलं. पाठीला विचारलं, कमरेला विचारलं. घाई केली नाही.

"वजा करून," ते म्हणाले. "सवय गेली नाही. आठ आहेत."

"मग आठ लिहा," ती म्हणाली. या वेळी तिने फोन ठेवला नाही. मास्तरांनी एकावर रेघ मारली, आठ लिहिले आणि तिला वाचून दाखवले.